जिन्यापर्यंतचं घर

मंगळवार, १८ मार्च

धाकट्यास,

मंगळवार, ४ मार्च, दुपारी चार वाजून सतरा मिनिटं. या मिनिटाला तू बाबांचं घर विकलंस. वेळ मी मनाने लिहीत नाही. किंमत दाखवणारा जो फोटो तू घरच्यांच्या ग्रुपवर टाकलास, त्याच्या डोक्यावरच ती छापलेली आहे. खाली हिरव्या चौकटीत 'अभिनंदन' आहे, आणि त्याखाली तू जोडलेले हात. ते कुणाला जोडले होतेस, आम्हा दोघी बहिणींना की त्या साइटला, हे मला अजून उमगलेलं नाही.

दोन आठवडे मी गप्प बसले. रागाच्या भरात लिहिलेलं पत्र आठवडाभर उशीखाली ठेवावं, असं शाळेत मदर सांगायच्या. मी दोन आठवडे ठेवलं. मान धरली, राग तसाच आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, म्हणजे तुझ्या बायकोला पुढचं वाचताना धाप लागणार नाही. घर तुझं आहे. बाबांनी ते तुझ्या नावावर केलं, त्यात माझी एक वीटही नाही आणि ती मागायला मी आलेले नाही. पण त्याच मृत्युपत्रात पुढच्याच ओळीत आहे, की वरच्या दोन खोल्यांत मधली हयातभर राहील. आईचं आणि बाबांचं अंथरूण तिने त्याच जिन्यावरून खाली येऊन बदललं, अकरा वर्षं. तू त्या वर्षांत चार वेळा आलास. मी मोजलेलं आहे. मोजणं हा माझा धंदाच होता.

आता ती साइट. पत्ता टाकला की घराची किंमत सांगते, आणि किंमत पटली तर स्वतःच घर विकत घेते. मधे माणूस नाही. घर बघायला कुणी येत नाही, दाराची कडी वाजवत नाही. बत्तीस वर्षं पालिकेच्या कर विभागात मी घरं मोजली, म्हणून सांगते: घराच्या आत गेल्याशिवाय घर कळत नाही. भिंतीला तळहात लावला की ओल कळते. माणसं चहा कुठे बसून पितात ते पाहिलं की कुठल्या खोलीत उजेड येतो ते कळतं. हिला यातलं काय कळतं ते बघावं म्हणून मी ग्रंथालयात गेले आणि तिथल्या बाईंकडून ती साइट उघडून घेतली. मी स्वतः मोजलेल्या दहा घरांचे पत्ते टाकले. कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरच्या घराचं छप्पर गेल्या वर्षी कोसळलं, माणसं दुसरीकडे राहायला गेली. साइटवर त्या घराची किंमत चढली आहे. शिवणवाल्या बाईंच्या घराला तिने दोन न्हाणीघरं दिली आहेत. दुसऱ्यात बाई कोळसा ठेवतात. माझ्या फ्लॅटपुढे 'भरपूर उजेड' असं लिहिलंय. माझी खिडकी समोरच्या भिंतीपासून सव्वातीन फुटांवर आहे. ग्रंथालयातल्या बाई म्हणाल्या, असेल हो, यंत्राला काय दिसतंय.

आणि आपलं घर: तळमजला, खोल्या तीन, बस. तुझ्या घराला जिना आहे, धाकट्या. सतरा पायऱ्यांचा. तो काय आकाशात जातो?

परवा मला मधलीचा फोन आला. तिचा फोन वर्षातून एकदा-दोनदा येतो, आणि दर वेळी कुणीतरी गेलेलं असतं. मी विचारलं, कोण गेलं? ती म्हणाली, "या वेळी मी."

त्या कंपनीने तिला १५ एप्रिलपर्यंत घर मोकळं करायला सांगितलंय. तिने विचारलं, माझ्या खोल्यांचं काय? पलीकडच्या मुलीने विचारलं, कुठल्या खोल्या? वरच्या, मधली म्हणाली. मुलीने बराच वेळ शोधलं आणि म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे वर काही नाही." मुलगी फार गोड बोलली, हेही मधलीनेच मला सांगितलं. या बाईला कुणी कड्यावरून ढकललं तरी ढकलणाऱ्याचे हात मऊ होते म्हणून सांगेल.

विक्रेत्याला तीस दिवसांत लेखी माघार घेता येते, हे त्याच साइटवर बारीक अक्षरांत आहे. मी चष्म्यावर भिंग धरून वाचलं. ३ एप्रिलला तुझे तीस दिवस भरतात. माघार घे, आणि का विकलंस ते मला लिहून कळव.

तुझी
ताई


शनिवार, २२ मार्च

धाकट्यास,

मी पत्र मागितलं, तू फोनवर तीन ओळी पाठवल्यास. त्या इथे उतरवून ठेवते, उद्या म्हणायला नको की असं बोललोच नव्हतो. "ताई, साइट चुकलेली नाही. ती पालिकेची नोंद वाचते. नोंदीखाली सही कुणाची आहे ते बघून घे. बाकी बोलू."

बाकी बोलू. आपल्या घरात 'बाकी बोलू' म्हटलं की पुढची दहा वर्षं कुणी बोलत नाही.

त्यानंतर तू एक कागद पाठवलास, की साइटचे अंदाज शंभरात पंच्याण्णव वेळा बरोबर येतात. शाळेत पंच्याण्णव मार्क मिळाले की मदर विचारायच्या, उरलेले पाच कुठे सांडले? तोच प्रश्न मी तुला विचारते. त्या पाचांत जी घरं येतात, त्यांत कोण राहतं? एकात तुझी बहीण राहते. ती एकसष्ट वर्षांची आहे, तिचे गुडघे गेलेले आहेत आणि तिच्या खिडकीत नऊ कुंड्या आहेत. पंच्याण्णव टक्के बरोबर असणाऱ्या पुलावरून तू तुझ्या मुलींना नेशील?

तिच्यासाठी तू वृद्धाश्रमात खाट बघून ठेवली आहेस, हे मला तिच्याकडून नाही, तुझ्या बायकोकडून कळलं. मी काल जाऊन बघून आले. चौघींची खोली. लांबी अठरा फूट, रुंदी बारा, म्हणजे एकीच्या वाट्याला चोपन्न चौरस फूट, त्यातली खाटच अठरा खाते. खिडकी पलीकडच्या खाटेजवळ आहे. त्या खाटेवर एक म्हातारी आहे, ती खिडकी उघडू देत नाही. तिथल्या व्यवस्थापकबाई मला म्हणाल्या, ती गेली की तुमच्या बहिणीला खिडकी देऊ. मधलीच्या वाट्याला नेहमी असंच येतं. कुणीतरी गेलं की तिला जागा होते.

आता सहीबद्दल. तू तो विषय काढलास म्हणून, आणि तेवढ्यापुरतंच.

सव्वीस वर्षांपूर्वीची ती मोजणी नियमाला धरून होती. आमच्या विभागाचा नियम असा, की जे टेपखाली आलं नाही ते वहीत येत नाही. अंदाजाने लिहायचं नाही, ऐकून लिहायचं नाही, खालून वर बघून लिहायचं नाही. माझ्या बत्तीस वर्षांच्या वह्यांत एक आकडा अंदाजाचा सापडणार नाही. त्या दिवशी वरचा मजला मोजणीसाठी उपलब्ध नव्हता. म्हणून तो नोंदला गेला नाही. फेरमोजणीची विनंती घरमालकाने करायची असते. बाबांनी ती केली नाही, कर कमी आल्यावर कोण करतो. या पलीकडे मला त्याबद्दल काही म्हणायचं नाही.

एकच आठवण करून देते. त्या दिवशी आमचा शिपाई रजेवर होता. टेपचं दुसरं टोक तुझ्या हातात होतं. तू बावीस वर्षांचा होतास, बोलता येत होतं तुला. तेव्हा तोंडातून अवाक्षर काढलं नाहीस.

कागदावर उत्तर दे.

ताई


गुरुवार, २७ मार्च

धाकट्यास,

पत्र नाही आलं, फोन आला. काल दुपारी. तू काय काय बोललास ते मी ठेवल्यावर लगेच लिहून काढलं, म्हणजे तुला वाटतं तशी माझी आठवण गेलेली नाही.

तू म्हणालास, घर जुनं झालंय, माणूस बघायला आला असता तर शंभर खोडी काढल्या असत्या, ही साइट काही विचारत नाही म्हणूनच बरी. मी म्हटलं, ती एक विचारते. फॉर्ममध्ये प्रश्न आहे: घरात अन्य कुणाचा राहण्याचा हक्क आहे का? तू तिथे 'नाही' दाबलंस, कंपनीने मधलीला पाठवलेल्या नोटिशीसोबत त्या फॉर्मची प्रत आहे. तू म्हणालास, जी खोली सरकारी नोंदीत नाही तिच्यात कुणाचा हक्क कसा असेल? मृत्युपत्रात बाबांनी काहीही लिहावं. वरच्या दोन खोल्या ठेवल्या म्हणजे काय, नसलेली वस्तू ठेवली. बँकेच्या कर्जखात्यात इतकी वर्षं घालवल्यावर एवढं तरी आपल्याला कळतं, असं म्हणून तू हसलास.

मी तुला नीच म्हटलं. तो शब्द मागे घेत नाही.

मग तू जे म्हणालास ते मी जसंच्या तसं लिहिते. "ताई, मी वेगळं काय केलं? तू तिला रागाने वगळलंस, मी सोयीने वगळलं. निदान मला राग तरी नाही."

मी फोन ठेवला. तुला वाटलं असेल, दुखावली. दुखावले नव्हते. तू खरं बोललास, आणि तसं माझ्या सहासष्ट वर्षांत सहसा झालेलं नाही.

तेव्हा आता तू ज्याच्यावर इमला बांधलास ते मी स्वतःच्या हाताने लिहिते. तुझे मेहुणे गेले तेव्हा मी एकोणचाळीस वर्षांची होते. दोन महिन्यांनी बॅग घेऊन मी बाबांच्या घरी आले. वरच्या दोन खोल्यांपैकी मागची मला मिळेल असं धरून आले होते, कारण लग्नाआधी ती माझीच होती. मधली जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहिली आणि म्हणाली, इथे दोघींना जागा नाही. बाबा खाली पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं. मी चौथ्या पायरीवर होते. तिथूनच मी म्हटलं की या जिन्याला पुन्हा पाय लावणार नाही, आणि बॅग घेऊन गेले. शब्द म्हणजे शब्द, हे मला शाळेत इतकं नीट शिकवलं होतं की त्याचा उपयोग कुठे करायचा ते शिकवायचं राहून गेलं असावं.

पुढच्या वर्षी आपल्या भागाची मोजणी माझ्याकडे आली. नात्यातलं घर मोजायला दुसऱ्याला द्यायचं असतं. मी दिलं नाही. खालच्या तीन खोल्या मोजल्या, तू टोक धरलंस. मग तू टेप घेऊन जिन्याकडे निघालास. तुला आठवतंय की नाही माहीत नाही, मला आठवतंय. मी म्हटलं, झालं, गुंडाळ. तू वर बघितलंस, माझ्याकडे बघितलंस, आणि गुंडाळलंस. वर मधली शिवणाच्या मशीनवर होती. मशीनचा आवाज खाली स्पष्ट येत होता. मी 'वर काही नाही' असं लिहिलं नाही. मी काहीच लिहिलं नाही. वहीचा नियम मोडला नाही आणि बहिणीचं छप्पर काढून घेतलं, दोन्ही एका दुपारी.

मी वकीलबाईंकडे जाऊन आले. त्या म्हणाल्या, नोंद दुरुस्त झाली तर मधलीचा हक्क उभा राहतो, आणि नोंद वादात आहे एवढं जरी पालिकेने लिहून दिलं तरी विक्रीची नोंदणी थांबते. पण सव्वीस वर्षांची नोंद शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून हलत नाही. ती हलवायची तर ज्याने मोजलं त्यानेच लिहून द्यायला हवं, की मी समोर दिसणारा मजला जाणूनबुजून सोडला. मी विचारलं, मग त्या माणसाचं काय होतं? बाईंनी पेनाचं टोपण लावलं. म्हणाल्या, ते माणसाच्या पेन्शनवर आणि नशिबावर आहे.

ग्रंथालयातून येताना मी साइटला पुष्कळ शिव्या घातल्या, त्यातली एक आज परत घेते. यंत्राने आपल्या घराचा अंदाज चुकवला नाही. मी जे लिहिलं होतं तेच त्याने मोठ्याने वाचलं. दुसऱ्यांची घरं त्याने चुकवली असतील, कोळशाला न्हाणीघर म्हटलं असेल. आपल्या घरापुरतं ते पैकीच्या पैकी बरोबर आहे.

हे वाचून तुला आनंद होईल. होऊ दे. तो फार टिकणार नाही.

ताई


सोमवार, ३१ मार्च

धाकट्यास,

काल मी जिना चढले.

सतरा पायऱ्या. चौथीपाशी थांबले, पण भावनेने नाही, दम लागला म्हणून. वर मधली दारात उभी होती, अगदी तेव्हा उभी होती तिथेच. मी टेप दाखवली. ती म्हणाली, चपला काढ.

मी चपला काढल्या. मग आम्ही मोजलं. पुढची खोली, चौदा फूट तीन इंच बाय अकरा. मागची, दहा फूट बाय नऊ फूट आठ. दुसरं टोक तिने धरलं. गुडघ्यावर बसताना तिच्या तोंडातून आवाज निघत होता, तरी प्रत्येक कोपऱ्यात ती वाकून टोक भिंतीला टेकवत होती, चांगलं घट्ट. तुझ्यापेक्षा बरं टोक धरते. मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर मी लहानपणी माझं नाव कोरलेलं होतं ते अजून आहे. तिने त्यावरून रंग दिलेला नाही. का, ते मी विचारलं नाही. तिच्याशी गोड बोलायची सवय गेली आहे, आणि एका दिवसात आणून दाखवली तर ती मला ओळखायची नाही.

मी सगळं लिहून घेईपर्यंत ती खाटेवर बसली होती. मग खाटेखालून तिने बिस्किटांचा डबा काढला. त्यात घरपट्टीच्या पावत्या, एकावर एक, दोऱ्याने बांधलेल्या. बाबांच्या नावाच्या, पण दर वर्षी पालिकेत जाऊन भरलेल्या तिने. प्रत्येकीवर छापलेलं: तळमजला, खोल्या तीन. म्हणजे हे तिला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. मी तुला सांगते, बत्तीस वर्षांत असं कुठल्या घरात पाहिलं नव्हतं. मी पावत्या मोजल्या, एकही वर्ष गळलेलं नव्हतं.

मी विचारलं, तू कधी बोलली का नाहीस?

"मी तुला वर राहू दिलं नाही," ती म्हणाली. "तू मला कागदावर राहू दिलं नाहीस. फिटलं असं समजून भरत राहिले."

मग मी तिला माझा बेत सांगितला. आधी तुला पत्र लिहून माघार घ्यायला लावायची. तू घेतलीस तर घर वाचलं, आणि पालिकेत जाऊन काही लिहून देण्याची गरज उरली नाही. नोंद आहे तशी राहू दे, कुणाला काय त्रास आहे तिचा. मधली ऐकत होती, कुंडीतली सुकलेली पानं खुडत. म्हणाली, "म्हणजे तू माझं घर वाचवायला चढली नाहीस. स्वतःचं नाव वाचवायला चढलीस."

मी नाही म्हटलं नाही. सतरा पायऱ्या चढल्यावर खोटं बोलायला दम राहत नाही.

ती म्हणाली, नेमकं काय करायचं ते तुम्ही दोघं ठरवा, नेहमीसारखं. आणि खाली जाताना दिवा मालव, असं म्हणून तिने पाठ केली. पण मी गेले नाही. काल पुढच्या खोलीत चटईवर झोपले. तिने मला उशी दिली नाही आणि हाकललंही नाही. मी अजून वरच आहे. हे पत्र तिच्या शिवणाच्या मशीनवर लिहिते आहे, म्हणून ओळ मधेच हलते.

आता लक्ष देऊन वाच.

माझ्यासमोर एक पाकीट आहे. त्यात माझं निवेदन आहे, अडीच पानं, समास सोडून. माझं नाव, माझा कर्मचारी क्रमांक, मोजणीची तारीख, आणि मी जाणूनबुजून न मोजलेल्या दोन खोल्यांची काल घेतलेली मापं. खाली मधलीची सही साक्षीदार म्हणून हवी होती. तिने ती केली, माझ्याकडे न बघता. निवेदनात एक वाक्य असं आहे, की मोजणीच्या वेळी टेपचं दुसरं टोक घरमालकाच्या मुलाने धरलं होतं आणि वरचा मजला अस्तित्वात आहे हे त्यास पूर्ण माहीत होतं. तुझं नाव मी टोपणनावाने लिहिलेलं नाही. पूर्ण लिहिलं आहे, बँकेच्या पत्त्यासह. शेजारी त्या साइटच्या फॉर्मची प्रत आहे, ज्यावर तू 'नाही' दाबलंस, तारीख आणि वेळेसकट. राग नसलेल्या माणसाला एवढ्या तपशिलाची भीती वाटायचं कारण नाही.

हे पाकीट दिलं तर माझी पेन्शन जाईल की नुसतं नाव जाईल, मला सांगता येत नाही. माझ्या विभागातल्या ज्या मुलींना मी टेप धरायला शिकवलं, त्यांतली एक आज त्या खुर्चीवर आहे. पाकीट तिच्याच हातात पडेल. हे मला आवडणार आहे असं समजू नकोस. मला तू माघार घेतलेली जास्त आवडेल. मी एवढी नीच आहे हे तुला कळलेलंच आहे, तेव्हा लपवत नाही.

कंपनीला पाठवलेल्या माघारीची प्रत आणि मधलीचा हयातभर राहण्याचा हक्क तुला मान्य आहे असं तुझ्या हाताने लिहिलेलं पत्र, दोन्ही मला इथे, या घरी, वरच्या मजल्यावर पोचलं पाहिजे. पत्त्यात 'वरचा मजला' असं स्पष्ट लिही. कुरिअरवाल्याला सापडेल. जिना त्याला दिसेल.

फोन करू नकोस, मी उचलणार नाही. तीन ओळी पाठवू नकोस, मी वाचणार नाही. गुरुवार, ३ एप्रिल, संध्याकाळी पाचपर्यंत मी या खिडकीत बसणार आहे. इथून फाटक दिसतं. पालिकेचं कार्यालय इथून चालत अकरा मिनिटांवर आहे आणि साडेपाचला बंद होतं. माझ्या गुडघ्यांना पंधरा धर. पाचला मी उठेन.

उत्तर लेखी हवं. शाईने, सहीसह, पाचच्या आत.

ताई